खल तुमच्याकडे, बत्ता आमच्याकडे

रविवार, दुपारची भांडी आवरून

तीर्थस्वरूप वन्सं यांना,

तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा नमस्कार. एरवी वाकून करते, पण पाठीत उसण भरली आहे, म्हणून या वेळचा बसल्या बसल्याच गोड मानून घ्यावा. (उसण का भरली ते पुढे येईलच. त्यात एक खुर्ची आहे आणि त्या खुर्चीत एक आजोबा आहेत.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना अजून वाजतो का? चष्म्याची काडी बदलून घेतलीत की अजून दोराच बांधलेला आहे? सूनबाई, चिरंजीव आणि नातू खुशाल असतील. आम्हीही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी आणि तुमचे बंधुराज. ते जेवतात, झोपतात, दुकानात जाऊन चाव्या घासतात आणि संध्याकाळी घरी येऊन वर्तमानपत्रामागे बसतात. तुमचं नाव काढत नाहीत, मीही काढत नाही. तुम्हा बहीणभावांच्या अबोल्यात मी कधी पडले नाही आणि पडणारही नाही. हे पत्र त्या विषयावर नाहीच, हे आधीच सांगून ठेवते. हे पत्र शाळेबद्दल आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. त्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी नुसतं ‘वन्सं’ म्हणेपर्यंत तुम्ही प्रश्न विचारलेला असतो, त्याचं उत्तर दिलेलं असतं आणि मला ‘वेडी आहेस’ म्हणून मोकळ्या झालेल्या असता. (राग मानू नये. इतकी वर्षं दुसरीचा वर्ग सांभाळल्यावर कोणाचंही असंच होणार. माझंही व्हायला लागलंय. परवा भाजीवाल्याला मी हाताची घडी घालायला सांगितलं.) शिवाय फोन बाहेरच्या खोलीत. मी तुमच्याशी बोलत असते तेवढा वेळ तुमच्या बंधुराजांच्या हातातल्या वर्तमानपत्राचं पान उलटत नाही. माणूस एकच पान एवढा वेळ काय वाचतो ते मला कळत नाही, आणि मी विचारतही नाही.

तर शाळा. तुमच्या जुन्या वर्गाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मोठ्या बाईंनी मला बोलावलं, ते माझ्या हुशारीसाठी नव्हे, तुमची भावजय म्हणून, हे मला पक्कं ठाऊक आहे. (मोठ्या बाई अजून तुमचं नाव निघालं की खुर्चीत सरळ बसतात. तुमच्या हाताखाली त्या नवीन असताना तुम्ही त्यांना काय केलं होतंत कोण जाणे.) त्यांनी सांगितलं होतं, की एक दिवस मी येऊन तुमचा तास पाहीन आणि मग सुट्टीनंतर तुम्हाला ठेवायचं की नाही ते ठरवीन. आणि तासाचा विषय त्यांनी दिला जोडशब्द. आता, जोडशब्द म्हणजे दोन शब्द मिळून एक शब्द, हे मला येतं. पण ते सहा-सात वर्षांच्या मुलांना सांगायचं कसं? मी फळ्यावर लिहिलं, मुलांनी ते वहीत उतरवलं, फळ्यावर पाण्याचा ओघळ होता तोही उतरवला, आणि अर्थ विचारल्यावर सगळे एकसुरात म्हणाले, ‘दोन शब्द मिळून एक शब्द’. पोपटपंची नुसती. म्हणून त्या संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय ना? तुम्ही म्हणालात, खडू खाली ठेव, मुलांना वस्तू आणायला सांग, अर्धी एकाने, अर्धी दुसऱ्याने, मग बघ गंमत. वन्सं, मी गंमत बघितली. आता तुम्हीही बघा.

मी चिठ्ठ्या केल्या. सुई एका चिठ्ठीवर, दोरा दुसऱ्या. कप, बशी. टेबल, खुर्ची. कुलूप, किल्ली. अंथरूण, पांघरूण. (आईवडील ही जोडी मी लिहिली होती, पण एका घरातली आई आणि दुसऱ्या घरातले वडील हातात हात धरून वर्गात उभे आहेत असं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि ती वेळीच फाडली. इथे तुम्ही मला शाबासकी द्यायला हरकत नाही.) सगळ्या चिठ्ठ्या एका डब्यात घातल्या आणि मुलांनी एकेक उचलली. दोन नियम केले. पहिला, ज्याच्याकडे अर्धा शब्द आहे त्याने वर्गाच्या मधोमध उभं राहून उरलेल्या अर्ध्याला मोठ्याने हाक मारायची आणि त्याने ‘आलो आलो’ करत पळत यायचं. दुसरा, जोडी जमल्याशिवाय आपली वस्तू कोणाच्याही हातात द्यायची नाही. दुसरा नियम मी केला तो कपबशा फुटू नयेत म्हणून. तो माझ्याच मुळावर येणार आहे हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मुलांची संख्या निघाली विषम. सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलल्या तरी डब्यात एक उरलीच, म्हणजे ती माझी. उघडून बघते तर ‘बत्ता’. आणि ‘खल’ कोणाला? तर वकीलबाईंना. या वकीलबाई म्हणजे पहिल्या बाकावरची एक मुलगी. पुढचे दोन दात पडलेले, रिबीन कायम सुटलेली आणि तोंडात कायम ‘पण का?’. तिची आई मला म्हणाली, बाई, तुम्ही तिला दुपारपर्यंत सांभाळता हे तुमचे उपकार आहेत. तर अशी माझी जोडीदारीण. खलबत्त्याची चिठ्ठी त्या डब्यात कशी पडली हे मला विचारू नका. लिहिता लिहिता सुचेल ते लिहीत गेले, त्यात तोही लिहिला गेला असेल.

आता हे पत्र त्या विषयावर नाही म्हटलं खरं, पण एवढं लिहिल्यावाचून पुढचं कळणार नाही. सासूबाई गेल्यावर जुनं घर रिकामं करायचं ठरलं तेव्हा तुम्ही दोघांनी काय सुरेख वाटणी केलीत! कपाट तू घे, नाही तूच ने, गाद्या तुला लागतील, नाही गं तुझ्याकडे पाहुणे येतात. मला वाटलं होतं, बहीणभाऊ असावेत तर असे. आणि मग त्या पितळी खलबत्त्यावर येऊन गाडी अडली. तुम्ही म्हणालात, तो आईचा, मी नेणार. ते म्हणाले, तो आईचा, तो इथेच राहणार. तुम्ही खल पोटाशी धरलात, त्यांनी बत्ता मुठीत धरला, बाहेर टेंपोवाला भोंगा वाजवत होता, आणि मी दारात चहाचे कप घेऊन उभी. शेवटी तुम्ही तो खल तसाच मांडीवर घेऊन टेंपोत जाऊन बसलात आणि हे पायरीवर बत्ता घेऊन उभे राहिले. कोणी मागे वळून पाहिलं नाही. चहा मीच प्यायले, तिन्ही कप. त्याला किती दिवस झाले ते मी मोजत नाही, पण तुमचा नातू तेव्हा रांगत होता आणि आता म्हणे सायकल चालवतो. त्याच सुमारास यांनी आमच्या दाराचं कुलूपही बदललं, ज्याची एक किल्ली कायम तुमच्या पर्समध्ये असायची आणि जिने तुम्ही न सांगता येऊन थेट स्वयंपाकघरात उभ्या राहायचात. जुनं कुलूप गंजलं होतं म्हणे. चावीवाल्याच्या घरचं कुलूप गंजतं! असो.

तुमची सूनबाई सांगते की तुम्ही त्या खलात बटणं, सुट्ट्या पिना आणि गुडघ्याच्या गोळ्या ठेवता. आमच्याकडे त्या बत्त्याची हातोडी झाली आहे. दुकानात अडलेलं कुलूप ठोकायला हे तोच वापरतात, चांगली हातोडी मिळत असताना. म्हणजे तिकडे तुम्ही आलं किसणीवर किसता, इकडे मी लाटण्याने चेचते, आणि सासूबाईंचा खलबत्ता दोन गावांत बसून गोळ्या सांभाळतो नि कुलपं फोडतो. मला काय त्याचं? मी आपली तासाच्या दिवशी सकाळी यांच्या पिशवीतून बत्ता गुपचूप काढला, माझ्या पिशवीत घातला आणि शाळेत गेले.

मुलं आली. वन्सं, मी म्हटलं होतं ‘वस्तू आणा’, हे म्हटलं नव्हतं की घर उचलून आणा. दोऱ्याचं रीळ आलं ते वाटेत सुटलेलं. दोऱ्याचं एक टोक वर्गात आणि दुसरं कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळीला. पांघरूण ज्याच्या वाट्याला होतं तो ते अंगावर घेऊनच आला, अंथरुणाशी त्याची जोडी सगळ्यांत आधी जमली आणि तो त्यात गाढ झोपला. त्याला उठवायचं कुणाच्या जिवावर येईना. टेबल आलं ते बाहुलीच्या घरातलं, काडेपेटीएवढं. आणि खुर्ची आली ती आजोबांसकट. नातवाने खुर्ची उचलल्यावर आजोबा म्हणाले, माझी खुर्ची जिथे जाईल तिथे मी. सबंध रस्ता मागून चालत आले, शाळेच्या पायऱ्यांशी दम लागला म्हणून खुर्चीत बसले, आणि बसले ते बसलेच. शिपाई एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने, अशी आम्ही ती खुर्ची वर चढवली. (उसण ती हीच.) वर्गात आल्यावर आजोबांसमोर ते काडेपेटीएवढं टेबल ठेवलं. त्यांनी गंभीरपणे त्यावर चष्मा ठेवायचा प्रयत्न केला आणि मुलांना म्हणाले, हं, चालू द्या.

वकीलबाई मात्र रिकाम्या हाताने आल्या होत्या आणि रागाने लाल झाल्या होत्या. त्यांच्या घरी मिक्सर. शेजारी मिक्सर. अख्ख्या गल्लीत कोणाकडे खल नाही. शेवटी ती पोरगी भांड्यांच्या दुकानात गेली आणि म्हणाली, एक नुसता खल द्या. दुकानदार म्हणाला, नुसता मिळत नाही, दोन्ही बरोबरच विकतो. झालं! त्यावरून तिने पुढचा सगळा तर्क बांधला आणि माझ्या टेबलावरच्या बत्त्याकडे बोट दाखवून विचारलं, बाई, हा तुमच्याकडे आहे म्हणजे खलही तुमच्याकडेच असणार, मग तो कुठंय? मी म्हटलं, तो दुसऱ्या गावाला आहे. पण का? तिथे माझ्या वन्सं राहतात. पण त्यांच्याकडे नुसता खल का? मी म्हटलं, बस खाली.

आणि नेमकं तेव्हाच कुलूपकिल्लीचं प्रकरण घडलं. कुलूप आणलं होतं किराणावाल्याच्या मुलाने, दुकानाच्या फळीचं, मोठं, काळं, शेरभर वजनाचं, उघडं. किल्ली आणली होती शिवणाऱ्या बाईंच्या मुलीने, आईच्या ट्रंकेची. मधोमध उभं राहून हाक मारली, ‘आले आले’ झालं, टाळ्या पडल्या. मी वकीलबाईंच्या उलटतपासणीत गुंतलेली. तेवढ्यात त्या दोघांना वाटलं, नुसतं शेजारी उभं राहून काय जोडी होते, कुलूप लावून दाखवलं पाहिजे. आमच्या वर्गाच्या दाराला बाहेरून कडी नाही, तुम्हाला ठाऊकच आहे. समोरच्या खोलीला आहे. समोरची खोली मोठ्या बाईंची. मोठ्या बाई आत पदर सारखा करत होत्या, माझा तास बघायला निघायच्या बेतात. या दोघांनी कडी घातली, कुलूप अडकवलं, दाबलं, खट्! मग ट्रंकेची किल्ली लावली. फिरेना. त्यांनी प्रामाणिकपणे खूप प्रयत्न केला. मग ती मुलगी वर्गात येऊन मला म्हणाली, बाई, जोडी जमली नाही.

मी धावले. मोठ्या बाई त्यांच्या खिडकीशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी गज धरून. नोकरी गेली म्हणतात ती ही, म्हटलं. पण त्या थंड आवाजात म्हणाल्या, तास थांबवू नका, मला इथून दिसतंय. (तुमच्या हाताखाली तयार झालेल्या त्या, दुसरं काय म्हणणार!) शिपायाला किराणावाल्याकडे पिटाळलं, तर किराणावाला खऱ्या किल्लीसकट माल आणायला गेलेला आणि त्याचा पुतण्या कुलूप कुठे गेलं म्हणून सगळ्या दुकानभर शोधतोय. मग शिपाई जवळचा चावीवाला घेऊन आला. जवळचा चावीवाला म्हणजे कोण, हे काय तुम्हाला सांगायला पाहिजे?

तुमचे बंधुराज आले ते आधीच वैतागलेले. सकाळपासून त्यांना त्यांची ‘हातोडी’ सापडत नव्हती आणि दोन गिऱ्हाइकं परत गेली होती. कुलूप हातात घेऊन उलटसुलट केलं, आत तार घातली, कान लावला, आणि म्हणाले, आतून धरलंय, कडेने दोन ठोके दिले की सुटेल, ठोकायला काहीतरी द्या. आणि मान वर करून वर्गात बघतात तो समोर माझ्या टेबलावर बत्ता. त्यांनी बत्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी पांघरुणातल्या पोराचं पांघरूण नीट करायला लागले. ते आत आले आणि हात पुढे केला. पण त्यांच्या आधी वकीलबाईंनी बत्ता उचलून दोन्ही हातांनी छातीशी धरला.

वन्सं, काय सांगू! हे म्हणाले, बाळ, माझी हातोडी दे. ती म्हणाली, ही हातोडी नाही, बत्ता आहे, अर्धा शब्द आहे, जोडी जमल्याशिवाय कोणाला द्यायचा नाही असा नियम आहे. हे म्हणाले, मोठ्या बाई अडकल्यात. ती म्हणाली, मग हाक मारा. तुमचा खल कोणाकडे आहे? यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तिला पढवून ठेवलंय. (मी काहीही पढवलं नव्हतं. तिला पढवायची कोणाची छाती आहे?) मग ते पुटपुटले, माझ्या बहिणीकडे. आता इतक्या दिवसांत ‘माझी बहीण’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही एका दात पडलेल्या पोरीने वदवून घेतले. ती म्हणाली, मग मधोमध उभे राहा आणि हाक मारा. इथे सगळ्यांनी मारली.

तुमचा भाऊ कसा आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. इतर वेळी पाय आपटून चालता झाला असता. पण खुर्चीतले आजोबा म्हणाले, मारा हो, पोरं खोळंबलीत. आणि समोरच्या खिडकीतून मोठ्या बाईंचा आवाज आला, मारा एकदाची, मला बाहेर यायचंय! मग काय करतात! पिशवी खाली ठेवली, मुलांच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि खोकल्यासारखं म्हणाले, ‘खल’.

मुलं दाराकडे बघत होती, खरंच कोणीतरी पळत येईल म्हणून. कोणी आलं नाही. वकीलबाई म्हणाल्या, जोरात मारा काका, लांबचं माणूस आहे, त्यांना कसं ऐकू जाणार?

आणि मग, वन्सं, तुमच्या भावाने मान खाली घालून, दोन्ही मुठी आवळून अशी हाक मारली की वऱ्हांड्यातल्या घंटेनेसुद्धा ऐकली असेल. आणि ती ‘खल’ अशी नव्हती. ते ओरडले, ‘ताई!’

तशी वर्गातल्या ज्या ज्या पोरींना घरी पाठची भावंडं आहेत, त्या सगळ्या एका दमात ‘आले आले’ म्हणून उठल्या आणि यांच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या. एकीने तर यांचा हात धरला. आणि समोरच्या गजांमागून मोठ्या बाईंनीही ‘ओ’ दिली. त्याही म्हणे भावंडांत थोरल्या. आजोबा हसले, सगळे हसले, मीही हसले, आणि मग मला रडू आलं, सरळ सांगते. मी फळ्याकडे तोंड केलं आणि फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं. यांच्याकडे मी पाहिलं नाही. आवाजावरून कळलं की नाक शिंकरताहेत.

वकीलबाईंनी सगळ्या ताया मोजल्यासारख्या न्याहाळल्या आणि निकाल दिला, यांच्यातल्या कोणीच खल आणलेला नाही, म्हणजे खरी ताई यांच्यात नाही. पण हाक नीट मारली म्हणून बत्ता आत्तापुरता मिळेल, नंतर परत द्यायचा. यांनी मुकाट्याने मान डोलावली, दोन ठोके दिले आणि कुलूप सुटलं. मोठ्या बाई बाहेर आल्या, आजोबांना नमस्कार केला, झोपलेल्या पोराला ओलांडलं आणि मला म्हणाल्या, सुट्टीनंतर या, पण कुलपं आणू नका. मग जाता जाता वळून तुमची तब्येत विचारली.

घरी आल्यावर यांनी वर्तमानपत्र घेतलं, पान उलटलं नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक नवीकोरी हातोडी आणली आणि बत्ता माझ्याकडून मागून घेतला. मला वाटलं झालं, परत दुकानात चालला. तर मोरीत बसून त्याचं सगळं वंगण घासून काढलं, पुसला, आणि स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिला. शेजारी जागा मोकळी सोडली आहे. मी तिथे चहाचा डबा ठेवला तर तो उचलून पलीकडे केला. बास, एवढंच. मी त्यांना काही विचारलं नाही आणि तुम्हालाही काही म्हणत नाही. सांगितलं ना, मी मधे पडत नाही. गुडघ्याला जपा, चष्म्याची काडी बदला, नातवाला सायकलवरून पाडू नका. लहानांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार.

तुमची,
भावजय

ता. क. : एक अगदी किरकोळ काम राहिलं. वकीलबाई रोज सकाळी हजेरीच्या आधी विचारतात, त्या ताई आल्या का? मी रोज सांगते, अजून नाही. पण का? आता मला उत्तरं सुचेनाशी झाली आहेत. त्या पोरीचा शब्द सगळ्या वर्गात एकटा अर्धा राहिला आहे, तेवढा खल घेऊन... म्हणजे खल पाठवून दिलात तर बरं होईल. माझ्यासाठी नाही, शिक्षणासाठी.

ता. क. दुसरा : खलबत्त्याची चिठ्ठी चुकून पडली असेल असं मी वर लिहिलंय. तुम्ही दुसरीचा वर्ग सांभाळलेला आहे, तुमच्यापुढे थाप किती वेळ टिकणार? ‘बत्ता’ची चिठ्ठी डब्यात नव्हतीच, ती पहिल्यापासून माझ्या मुठीत होती. ‘खल’ जिच्या हाती जाईल ती मला सगळ्यांसमोर विचारील, मग मी घरी येऊन यांना सांगेन की पोरं विचारतात, असा माझा साधा बेत होता. कुलूप मात्र मुलांनीच लावलं, शप्पथ. शिपायाला मी फक्त एवढं म्हटलं, की लांब जाऊ नकोस.

ता. क. तिसरा : ताई, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हिच्या लिहिण्यातलं निम्मं खोटं आहे. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो नव्हतो, आणि नाक शिंकरलं ते खडूच्या भुकटीने. खल पोस्टाने पाठवू नकोस, पोस्टात आपटतात, पोचे पडतील. तू घेऊन ये. दाराचं कुलूप बदललंय, तुझ्याकडची किल्ली चालणार नाही, म्हणून नवी केली आहे, ती सोबत आहे. दोनदा घासली आहे, अडकणार नाही. पर्समध्ये टाकू नकोस, तुझ्या पर्समध्ये काही सापडत नाही. खलात ठेव.